डोंगर आणि साठा

चांदा जिल्ह्यात लोहारा येथे लोखंडाचा डोंगर आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात जाणत्यांना ठाऊक होती. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने त्या जिल्ह्यात लोखंडाचा धंदा कितपत किफायतशीर होईल याविषयी एक अहवाल लिहिला. नागपुरात एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात तो आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. जवळच वरोऱ्याला दगडी कोळसा निघत होता. खनिज आहे, कोळसाही आहे. मग उणे ते काय? टाटांनी वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत परीक्षा करविली. तो लोखंड गाळण्याच्या कामाचा नाही, असे ठरले. डोंगर होता तेथेच राहिला, कारखाना मात्र उभा राहिला नाही.

सुमारे वीस वर्षांनी जमशेटजींचे पुत्र दोराबजी हे वेल्ड नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाला घेऊन पुन्हा चांद्यास आले. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, परंतु मोठ्या कारखान्याचा भार पेलण्याजोगी खनिज व कोळसा यांची जोड तेथे नाही, हाच निष्कर्ष याही वेळी निघाला. बेत सोडून दिल्याचे सरकारला कळविण्यासाठी दोराबजी नागपुरास गेले असता, सहज म्हणून वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे मध्यप्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा दाखविल्या होत्या. त्या मुलखाची पाहणी प्रमथनाथ बोस या भूवैज्ञानिकाने पूर्वीच केली होती. शोध करता करता मंडळी दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचली. पायाखाली सारे लोखंडच होते. तरीही तो बेत बारगळला, कारण चांगला कोळसा फार दूर होता आणि भट्टीला पुरेल एवढे पाणी जवळ नव्हते. अखेर २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्याच बोसांनी मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या लोहखनिजाची वार्ता टाटांना पत्राने कळविली. ते क्षेत्र झरियाच्या कोळशाला आणि कलकत्त्याच्या बंदराला त्या मानाने जवळ होते. साकचीची जागा ठरली. तेच पुढे जमशेदपूर झाले, आणि १९१२ साली तेथे पोलाद तयार झाले.

लोहारा, राजहरा आणि गोरुमहिसानी या तीनही ठिकाणी लोखंड होते, पण त्या काळच्या हिशेबात 'साठा' या नावाला पात्र ठरले ते एकच. जमिनीत असणे वेगळे आणि जमिनीतून फायद्यासह हाती येणे वेगळे, हा भेद खनिजगणनेच्या सर्व शास्त्राचा पाया होय.

हा भेद आपल्याकडे नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात आकराध्यक्षाची, म्हणजे खाणींवरील अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना असा नियम घातला आहे की, ज्या खाणीला खर्च व खटाटोप भारी लागतो ती हिश्शाने किंवा खंडाने द्यावी, आणि जी हलक्या हाताने चालते ती राजाने स्वतः चालवावी. खाणीची प्रतवारी तेथे धातूवरून नव्हे, खर्चावरून केली आहे.

अर्वाचीन काळात या प्रतवारीला निश्चित शब्द देण्याची गरज भासली ती भांडवलाच्या बाजारामुळे. खाण पृथ्वीच्या पोटात, पैसा लंडनच्या पेढीत, आणि दोहोंमध्ये दुवा केवळ एका अहवालाचा! १९०९ साली हर्बर्ट हूव्हर या खाण-अभियंत्याने आपल्या ग्रंथात खनिजाचे सिद्ध, संभाव्य आणि अपेक्षित असे तीन वर्ग सुचविले. हाच हूव्हर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सरकारला युद्धसामग्रीचा हिशेब हवा म्हणून, अमेरिकन भूवैज्ञानिकांनी मापित, सूचित व अनुमानित हे शब्द रूढ केले. मापित म्हणजे जवळजवळ खणलेल्या खंदकांतून व वेधछिद्रांतून मोजलेले. अनुमानित म्हणजे आसपासच्या खडकांवरून तर्काने जाणलेले.

शब्द निर्माण झाले, पण ते पाळण्याचे बंधन नव्हते. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पोसायडन नावाच्या एका लहान कंपनीने निकेल सापडल्याचे जाहीर केले. काही महिन्यांत तिचा डॉलरच्या आतबाहेरचा शेअर २८० डॉलरांवर चढला आणि मग कोसळला. हजारो सामान्य माणसांची पुंजी बुडाली. त्या अनुभवातून १९७१ मध्ये तेथील खाणमालक व भूवैज्ञानिक यांची संयुक्त समिती बसली आणि १९८९ मध्ये तिची आचारसंहिता प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये याहून मोठा घात उघड झाला. ब्री-एक्स या कॅनेडियन कंपनीने बोर्निओ बेटावरील बुसांग येथे सोन्याचा अफाट साठा असल्याचे सांगितले होते. स्वतंत्र तपासणीअंती ठरले की नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. जमिनीत काढण्याजोगे सोने नव्हतेच. त्यानंतर कॅनडाने २००१ पासून असा दंडक घातला की, प्रत्येक अहवालाची जबाबदारी नावानिशी एका पात्र तज्ज्ञाने घ्यावी. खडकाला बोलता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलणाऱ्याला शपथेत बांधावे लागले.

सरकारांना याहून व्यापक मापाची गरज होती. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने एक चौकट सुचविली आणि ती भारताने स्वीकारली. तीत प्रत्येक खनिजक्षेत्राला तीन अंकांचा संकेत मिळतो. पहिला अंक आर्थिक लाभाचा, दुसरा काम कितपत शक्य आहे याच्या अभ्यासाचा, आणि तिसरा भूगर्भाच्या ज्ञानाचा. अंक जितका लहान तितकी खात्री अधिक. १११ म्हणजे सिद्ध साठा. ३३४ म्हणजे नुसत्या टेहळणीत आढळलेली संपदा. देशभराची ही वही १९४८ मध्ये स्थापन झालेले भारतीय खाण ब्यूरो ठेवते, आणि त्याचे मुख्यालय नागपुरास आहे. दोराबजींनी नकाशा पाहिला त्याच गावी आज साऱ्या देशाच्या खनिजांचे अंक मांडले जातात. २०१५ च्या कायद्याने खाणपट्टे लिलावाने देण्याची पद्धत आल्यापासून त्या अंकांना अधिकच मोल आले आहे. अंक फुगला तर बोली लावणारा बुडतो. अंक आखडला तर जनतेची संपत्ती स्वस्तात जाते.

आणि राजहराचे काय झाले? १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली. तिला खनिज पुरविले ते त्याच दल्ली-राजहराने. टेकडी तीच होती, पण रेल्वे, सरकारी भांडवल आणि दुरून कोळसा आणण्याची तयारी या तिन्हींनी तिचा वर्ग बदलला होता. पुढे अर्धशतकाच्या खाणकामाने तिचे उत्तम खनिज सरत आले आणि भिलाईला रावघाटच्या डोंगराकडे वळावे लागले. टाटांनी नाकारलेला डोंगर अर्धशतकानंतर साठा ठरला आणि दोन पिढ्यांत संपत आला. खनिजांच्या वहीतील अंक म्हणूनच कायमचे नसतात. ते ज्या वर्षी लिहिले त्या वर्षीचे ज्ञान, त्या वर्षीचा भाव आणि लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा एवढेच सांगतात. वही वेळोवेळी पुन्हा उघडावी लागते ती यासाठीच.