हृदयाच्या रक्तचाचण्या : काय सांगतात, काय सांगत नाहीत?

'कोलेस्टेरॉल नॉर्मल आले, म्हणजे हृदय ठणठणीत' असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हृदयाशी निगडित रक्तचाचण्या दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पुढील काळात हृदयविकाराचा धोका किती, हा पहिला प्रश्न. हृदयाच्या स्नायूला आत्ता इजा होत आहे काय, हा दुसरा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावणे जिवावर बेतू शकते.

भविष्यातील धोका

लिपिड प्रोफाइल : यात एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल व ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण कळते. अहवालावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सर्वांना सारखी लागू होत नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल प्रति डेसिलिटर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. अधिक धोका असणाऱ्यांचे ७० पेक्षा, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे ५५ पेक्षा कमी. म्हणजेच ९५ हा आकडा एकाला दिलासा देणारा, तर दुसऱ्याला इशारा देणारा ठरतो.

लिपोप्रोटीन (ए) : नॉर्वेचे संशोधक कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये हा घटक शोधला. त्याचे प्रमाण प्रामुख्याने आनुवंशिक असून आहार-व्यायामाने फारसे बदलत नाही. त्यामुळे ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी, असे तज्ज्ञ सुचवतात. ५० मिलिग्रॅमच्या पुढील प्रमाण धोका वाढवणारे मानले जाते.

एचएस-सीआरपी : शरीरातील सूक्ष्म दाह ही चाचणी दर्शवते. मात्र साध्या सर्दी-तापातही आकडा वाढतो. तो प्रतिलिटर १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आल्यास आधी संसर्गाची शक्यता तपासून चाचणी पुन्हा करावी लागते.

आत्ताची स्थिती

ट्रोपोनिन : हृदयाच्या स्नायूपेशींना इजा झाल्यास हे प्रथिन रक्तात उतरते. त्यास काही तास लागतात. म्हणून वेदना सुरू होताच केलेली पहिली चाचणी नॉर्मल आली, तरी ठराविक अंतराने ती पुन्हा करतात. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही ट्रोपोनिन वाढलेले आढळते. त्यामुळे एका आकड्यापेक्षा त्यातील चढउतार महत्त्वाचा असतो.

बीएनपी : १९८८ मध्ये जपानी संशोधकांना हा घटक प्रथम डुकराच्या मेंदूत आढळला, म्हणून नावात 'ब्रेन' आले. प्रत्यक्षात तो मुख्यत्वे हृदयाच्या खालच्या कप्प्यांवर ताण आल्यास स्रवतो. धाप हृदयामुळे लागते की फुप्फुसांमुळे, हे ठरवताना तो उपयोगी पडतो. स्थूल व्यक्तींत मात्र त्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकते.

अहवालाची वाट नको

यांपैकी एकही चाचणी रक्तवाहिनीतील अडथळा प्रत्यक्ष दाखवत नाही. वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह व कौटुंबिक इतिहास यांच्यासह डॉक्टरांनीच अहवालाचा अर्थ लावावा. छातीत दाब, दरदरून घाम, जबड्यात वा हातात कळ अशी लक्षणे दिसल्यास प्रयोगशाळेकडे नव्हे, थेट रुग्णालयाकडे धाव घ्यावी. तेथे पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी होणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. गेल्या महिन्यातील उत्तम लिपिड अहवाल हे घरी थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.