तेरा वर्षांची अट आली कुठून?

अकाउंट उघडताना जन्मतारीख विचारणारा तो रकाना आठवतोय? त्याची गोष्ट १९९८ मध्ये सुरू होते.

त्या वर्षी अमेरिकेत 'कोप्पा' कायदा झाला, एप्रिल २००० पासून लागू झाला. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची, तर आधी पालकांची परवानगी हवी. हे बंधन मुलांसाठीच्या साइट्सना होतंच. सर्वांसाठीच्या साइट्सना मात्र, समोर मूल आहे हे 'प्रत्यक्ष माहीत' असेल तरच.

गोम इथेच आहे. माहीत असेल तरच जबाबदारी, मग माहीत करून घ्यायचंच कशाला? अनेक कंपन्यांनी '१३ खालच्यांना प्रवेश नाही' असं लिहून टाकलं. मुलांनी जन्मसाल बदललं. कोडमध्ये एक 'इफ' लिहिला की काम संपलं!

२०१९ मध्ये यूट्यूब अडकलं. आमची सेवा लहान मुलांसाठी नाही, असं कंपनी म्हणायची. पण खेळण्यांच्या कंपन्यांना मुलांमधली आपली लोकप्रियताच सांगायची. फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्क राज्याने नेमकं त्यावर बोट ठेवलं. याला 'माहीत असणं' नाही म्हणायचं, तर कशाला? गूगलने १७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, त्यामुळे त्या शब्दांचा अर्थ न्यायाधीशांपुढे लढला गेलाच नाही.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वयाची रेषा १८ वर आहे. प्रश्न तोच, मूल ओळखायचं कुणी? माझ्या मते, त्याच्या लक्षावर जो कमावतो त्याने.