कण्याचा बाक आणि हातांची विद्या

मथुरेच्या राजरस्त्यावर श्रीकृष्णाला कुब्जा भेटली, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. भागवतात तिला 'त्रिवक्रा' म्हटले आहे, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली. कृष्णाने तिच्या पावलांवर आपली पावले दाबून धरली, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला वर उचलले. ती सरळ झाली. भाविकाने यात भगवंताची कृपा पाहावी. माझे लक्ष मात्र त्या दोन बोटांकडे जाते. पाय खाली दाबायचे आणि डोके वर ताणायचे: वाकलेल्या कण्याला सरळ करण्याचा माणसाचा पहिला विचार हाच असावा. आणि पुराणकाराने हा उपाय एका क्षणात उरकला असला, तरी माणसांना त्यासाठी अडीच हजार वर्षे खपावे लागले आहे.

कण्याचा हा आडवा बाक, ज्याला डॉक्टर 'स्कोलिऑसिस' म्हणतात, तो पोक नव्हे. पोक काढून बसणारा मुलगा 'सरळ बस' म्हटले की सरळ बसतो. स्कोलिऑसिसमध्ये कणा डाव्या-उजव्या अंगाला वळतो आणि त्याचबरोबर स्वतःभोवती पिळला जातो. त्या पिळाने बरगड्या एका बाजूला उचलल्या जातात, एक खांदा उतरतो, कंबरेची एक बाजू सपाट होते. बहुतेक मुलांत याचे कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा बाकावर वाकडे बसल्याने हा बाक येतो, हा समज खोटा आहे. शंभरांतल्या दोन-तीन मुलांत तो थोडाफार आढळतो, आणि वाढत जाणारा बाक मुलांपेक्षा मुलींच्या वाट्याला कितीतरी अधिक येतो. बारा-चौदाच्या वयात, उंची झपाट्याने वाढते त्या एक-दोन वर्षांत, तो भराभर वाढतो. या साऱ्या प्रकरणातली मेख तीच आहे.

ग्रीसमधला हिपोक्रेटिस हा या इतिहासाचा पहिला साक्षीदार. त्याच्या काळी रोग्याला शिडीला बांधीत, कधी उलटे, आणि शिडी उंचावरून खाली आपटीत. या हिसक्याने कणा सरळ होईल ही आशा. हिपोक्रेटिसने या प्रकाराचे वर्णन केले आणि त्यावर ताशेराही ओढला: लोकांना तोंडात बोटे घालायला लावणाऱ्या वैद्यांचे हे काम आहे, त्याने कोणी बरा झाल्याचे आपण पाहिले नाही, असा त्याचा अभिप्राय. वैद्यकातल्या देखाव्यावर इतकी स्वच्छ टीका इतक्या जुन्या काळी झालेली वाचून मला त्या म्हाताऱ्याविषयी फार आदर वाटतो. 'स्कोलिऑसिस' हे नाव रूढ केले ते रोमचा वैद्य गॅलेन याने.

मग मध्ये शेकडो वर्षे निघून जातात. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शस्त्रवैद्य आम्ब्रोइझ पारे चिलखते घडवणाऱ्या लोहारांकडून वाकड्या मुलांसाठी लोखंडी जाकिटे करवून घेऊ लागला. वजन कमी व्हावे म्हणून पत्र्याला भोके पाडावीत आणि मूल वाढेल तसे जाकीट बदलावे, हे त्याने सांगून ठेवले. सैनिकाचे चिलखत शाळकरी वयाच्या पोरीच्या अंगावर चढले ते असे. १७४१ साली निकोला आंद्री या वृद्ध फ्रेंच वैद्याने मुलांच्या शारीरिक व्यंगांवर ग्रंथ लिहिला आणि त्यातल्या एका चित्राने अजरामर झाला: वाकडे रोपटे, शेजारी रोवलेली सरळ मेख, आणि दोघांना बांधणारा दोर. जगभरच्या अस्थिवैद्यकाची ती आज निशाणी आहे. १७८० मध्ये झाँ-आंद्रे वेनेल याने स्वित्झर्लंडमधल्या ओर्ब गावी अशा मुलांसाठी पहिली संस्था उघडली. १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस सेअरने रोग्याला तिकाटण्याला टांगून, ताणलेल्या अंगावरच प्लास्टर चढवण्याची रीत प्रसिद्ध केली. कुब्जेच्या हनुवटीखालची दोन बोटे इथे दोर आणि कप्पी होऊन आली.

या साऱ्या पुरुषांच्या रांगेत एक बाई येऊन उभी राहते आणि गोष्टीला वेगळे वळण लागते. काथारिना श्रोथ हिचा जन्म १८९४ सालचा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. सोळाव्या वर्षी तिच्या वाकड्या पाठीवर पोलादी पट्टा चढला. पेशाने ती शिक्षिका झाली. त्या पोलादाला कंटाळलेल्या या मुलीने एका चेपलेल्या चेंडूकडे पाहिले. हवा भरली की चेंडूचा खळगा आतून भरून येतो. मग माझ्या पाठीचा दबलेला भाग श्वासाने का भरून येऊ नये? दोन आरशांच्या मध्ये उभे राहून ती आपली पाठ न्याहाळी, दबलेल्या बरगड्यांत श्वास नेई, उचललेला भाग स्नायूंनी आवरून धरी. १९२१ मध्ये मायसेन येथे तिने इतरांना हे शिकवण्यास सुरुवात केली. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टरमंडळींनी नाके मुरडली. महायुद्ध झाले, देश दुभंगला, आणि १९६१ पासून पश्चिम जर्मनीतल्या सोबर्नहाइम गावी मायलेकींचे काम चालू लागले. मुलगी क्रिस्टा हिने आईच्या अनुभवाला शास्त्राची मांडणी दिली. १९८५ मध्ये काथारिना वारली, तोवर तिची विद्या देशाबाहेर गेली होती. बार्सिलोनाची एलेना साल्वा ती शिकून आली आणि १९६८ पासून तिने स्पेनमध्ये ती रुजवली. आज तिथल्या परंपरेतून देशोदेशीचे भौतिकोपचारक शिकून बाहेर पडतात.

शाळामास्तर म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. श्रोथबाईंची विद्या औषधासारखी बाटलीत भरून पाठवता येत नाही. कुठल्या बरगडीत श्वास न्यायचा हे प्रत्येक पाठीगणिक निराळे. ते शिकवणाऱ्याचा हात त्या जागी टेकलेला असावा लागतो, आणि तो हात कोणीतरी आधी तयार केलेला असावा लागतो. गवयाची तालीम असते तशीच ही.

पट्ट्यांनीही मधल्या काळात रूप पालटले. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिलवॉकीत ब्लाउंट आणि श्मिट यांनी हनुवटीपासून कमरेपर्यंतचा पट्टा केला. १९७० नंतर बोस्टनमध्ये कपड्याखाली झाकला जाईल असा प्लास्टिकचा निघाला. पण पट्टा खरोखर उपयोगी पडतो का, यावर वाद चालूच होता. तो मिटवला २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीने. पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत पोचला नाही. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाकाठी तेरा तासांहून अधिक वेळ पट्टा वापरणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या वर गेले. पट्ट्याचा लाभ इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. व्यायामाचा पुरावा अजून इतका भक्कम नाही. पट्ट्याच्या जोडीला तो हवा, एवढे मात्र जाणते लोक मानतात. बाक ५० अंशांपलीकडे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. मालिश करून किंवा कणा 'बसवून' तो सरळ करतो म्हणणारा हिपोक्रेटिसच्या शिडीवाल्याचाच वंशज समजावा.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर या इतिहासात एक हिंदी वंशाचे नाव मानाने घ्यावे लागते. लंडनच्या अस्थिरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मिन मेहता यांनी १९७२ मध्ये क्ष-किरण चित्रातल्या बरगडीचा कोन मोजून कोणत्या बाळाचा बाक आपोआप जाईल आणि कोणाचा वाढेल, हे सांगण्याची रीत दिली. २००५ मध्ये त्यांनी १३६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात आलेल्या ९४ मुलांचे कणे एकामागून एक प्लास्टरे चढवून सरळ झाले. अडीच वर्षांच्या सुमारास, अधिक बाक घेऊन आलेल्या ४२ मुलांचा बाक कमी झाला, पण पुरता गेला नाही. एका वर्षाने एवढा फरक पडला! वाढ हाच रोग आणि वाढ हेच औषध, हे त्यांनी दाखवून दिले. उतारवयात त्यांनी ही प्लास्टरची रीत परदेशच्या डॉक्टरांना स्वतः शिकवली.

आपल्याकडे या विद्येचे दार उघडले ते पोलिओने. लुळ्या पडलेल्या स्नायूंमुळे एका अंगाला कलणारे कणे आपल्या दवाखान्यांनी फार पाहिले. आपल्या मुलीला पोलिओ झाला म्हणून देशभर हिंडलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत डॉ. बाळिगा यांच्या मदतीने अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचीही शाळा निघाली, आणि १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या दोन्ही विद्यांचे शिक्षण सुरू झाले. पोलिओ गेला, २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याने मागे ठेवलेले शिकवणारे हात मात्र राहिले, ही त्या दुष्ट रोगाची एकच देणगी म्हणायची. भौतिकोपचारासह अशा अनेक व्यवसायांच्या शिक्षणाला देशभर एक नियम लावणारा कायदा मात्र २०२१ साली झाला.

आता आमच्या खापरखेड्याकडे येतो. एका बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी, आणि मध्ये आमची वस्ती. नागपूर इथून बसने फार लांब नाही. पण बाक पाहणारा डोळा लांब आहे. आठवीतल्या मुलीचा खांदा उतरलेला शिंप्याला आधी कळतो, कारण झंपराची एक बाही खाली येते. आईला कळते तेव्हा ती ओढणी नीट घ्यायला सांगते. 'गावात बोभाटा नको, उद्या लग्न जमवायचे आहे,' हे वाक्य मी एकाहून अधिक ओसऱ्यांवर ऐकले आहे. अशीच एक माउली मला म्हणाली, "गुरुजी, पोरगी शहाणी झाली की आपोआप सरळ होते म्हणतात." खरे तर त्याच वर्षात बाक सर्वांत वेगाने वाढतो. लाजेपायी जी दोन वर्षे आपण ओढणीखाली झाकतो, तीच पट्ट्याची आणि व्यायामाची वर्षे असतात. पुढे हाडांची वाढ थांबली की पट्ट्याने काही साधत नाही.

आणि पाहायला लागते तरी काय? १८६५ मध्ये विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शस्त्रवैद्याने सांगितलेली परीक्षा आजही तीच आहे. मुलाने पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकावे आणि पाहणाऱ्याने मागे उभे राहून पाठीची दोन्ही अंगे एका पातळीत आहेत का ते पाहावे. याला यंत्र नको, पैसा नको. मुलींची पाठ शिक्षिकेने किंवा नर्सने आडोशाला पाहावी, एवढी सभ्यता पाळली म्हणजे झाले. कवायतीच्या तासाला आम्ही मुलांना पायाचे अंगठे धरायला लावतोच. त्या वेळी समोरून हुकूम सोडण्याऐवजी मागे जाऊन उभे राहायचे आहे. वर्षातून दोनदा हे झाले आणि शंका आलेल्या मुलीला त्याच महिन्यात नागपूरला अस्थितज्ज्ञाकडे नेले, तर अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे अवघड आहे. नागपूरच्या डॉक्टराने पट्टा सांगितला, तर तो अंगाबरोबर मापून घडवणारा कारागीर हवा, आणि श्वास कुठे न्यायचा हे बोट टेकवून शिकवणारा भौतिकोपचारक हवा. आपल्या देशात ही खास तालीम घेतलेली माणसे आहेत, पण ती मोठ्या शहरांतून. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या एका-दोघांना तरी ही विद्या शिकवून आणावी, हे मागणे काही मोठे नाही. आंद्रीच्या चित्रातले रोपटे सर्वांच्या लक्षात राहते. मी मुलांना ते फळ्यावर काढून दाखवतो तेव्हा दोराची गाठ मुद्दाम मोठी काढतो. मेख कुठेही मिळते. गाठ किती सैल, किती घट्ट हे जाणणारा माळी मिळावा लागतो, आणि तो रोपटे कोवळे आहे तोवर यावा लागतो.