चाळीस डॉलरचा पार्ट, सत्तर वर्षांचा गुंता

पुण्यात वाढलेल्या माणसाला गाडीतल्या हीटरचं काय कौतुक असणार? आमच्याकडे हीटर म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. एसीच्या नॉबला निळ्यासारखी एक लाल बाजूही असते हे दिसायचं, पण ती फिरवायची वेळ कधी आली नव्हती. कामासाठी मिनियापोलिसला आलो आणि जानेवारी २०२४ मध्ये, बाहेर उणे वीस असताना, ही लाल बाजू मला चांगलीच समजली.

तर झालं असं. इथे आल्यावर हौसेने १९९६ सालचा एक पिकअप घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना लागू आहे. एका संध्याकाळी गाडीत गोडसर वास यायला लागला. गुऱ्हाळात काकवी उकळताना येतो ना, थोडासा तसाच. बायको म्हणाली, "छान वास आहे, काय लावलंयस?" मी काहीच लावलं नव्हतं. मग तिच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागलं, आणि बघता बघता काच आतून धुरकट झाली. पुसली की तो चिकट थर आणखी पसरायचा. हायवेवर पुढच्या ट्रकचे दिवे म्हणजे नुसते दोन लाल डाग. कशीबशी गाडी कडेला घेतली. उरलेले चार मैल काच खाली करून, डोकं बाहेर काढून घरी आलो. दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने एका वाक्यात निकाल दिला: हीटर कोअर लीक आहे, बाराशे डॉलर. गाडी घेतली होती दोन हजारांना. पार्ट केवढ्याचा? चाळीस डॉलरचा. मग उरलेले? "सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो."

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. एका ओळीचा बदल करायला सगळी सिस्टीम उतरवावी लागत असेल तर पहिला प्रश्न मनात येतो, की हे कोणी डिझाइन केलंय? तो शोधताना जे सापडलं ते आज लिहितोय.

आधी हीटर कोअर म्हणजे काय ते सांगतो. आजोळी तांब्याचा बंब असेल तर त्याची रचना आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. कोअरमध्ये नेमकं उलटं: बारीक नळ्यांतून गरम पाणी आणि बाहेरून हवा. हे गरम पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट, साधारण नव्वद अंश सेल्सियसचं. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा, अंदाजे एक तृतीयांश, या कूलंटमध्ये जातो आणि एरवी रेडिएटरमधून हवेत फुकट सोडला जातो. त्यातलीच थोडी ऊब दोन होजमधून आत आणायची आणि पंख्याने अंगावर सोडायची. म्हणजे हीटर कोअर हा दुसरा छोटा रेडिएटरच. कल्पना इतकी साधी आहे, पण ती गाडीत रुळायला बरीच वर्षं लागली.

नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की मोटारीचा हीटर मार्गारेट विल्कॉक्स या शिकागोच्या बाईंनी शोधला. त्यांचं पेटंट खरंच आहे, २८ नोव्हेंबर १८९३ चं, 'कार हीटर' याच नावाचं. पण त्या काळी 'कार' म्हणजे रेल्वेचा डबा! अमेरिकेत ड्युरिया बंधूंची पेट्रोलगाडी स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर पहिल्यांदा धावली तीच मुळी त्या वर्षीच्या सप्टेंबरात.

सुरुवातीच्या मोटारी उघड्या असायच्या. वाऱ्यात हीटर लावून काय गरम करणार? लोक जाडजूड रग आणि कातडी पांघरायचे, पायाशी कोळशाचा छोटा डबा ठेवायचे. आपल्या काश्मिरी कांगडीचाच हा भाऊबंद. मग बंद गाड्या आल्या. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे १० टक्के बंद असायच्या, १९२७ मध्ये ८५ टक्के. आता ऊब आत टिकवायला खोली मिळाली.

पहिले प्रयोग धाडसी होते. फोर्डच्या मॉडेल ए साठी मिळणारा हीटर एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डभोवतीची हवा आत घ्यायचा. जोडणीत फट पडली की हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत यायचा. 'साउथ विंड' नावाचा हीटर तर चक्क आपल्या आतल्या भट्टीत पेट्रोल जाळायचा. त्यामानाने गरम पाण्याचा हीटर सभ्य. तो बनवणाऱ्या आधीच्या कंपन्यांपैकी 'ट्रॉपिक-एअर' ही याच मिनियापोलिसची. इथला हिवाळा बघता नवल नाही.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. १९३० च्या दशकातला हा हीटर गाडीला बाहेरून जोडलेला असायचा. डॅशबोर्डच्या खाली गोल डबा, मागे पंखा, पुढे छोटी दारं, दोन होज, दोन-चार बोल्ट. लीक झाला की उतरवा आणि दुसरा लावा. तासाभराचं काम. आपल्या भाषेत प्लग-इन.

१९३८ च्या मॉडेलमध्ये नॅश कंपनीने ताजी हवा बाहेरून घेऊन, गाळून, गरम करून आत सोडणारी व्यवस्था दिली. नॅशचं वर्षभर आधीच विलीनीकरण झालं होतं केल्व्हिनेटरशी. हो, तेच केल्व्हिनेटर, फ्रिजवालं! पुढच्या वर्षी त्याला थर्मोस्टॅट जोडला आणि 'वेदर आय' हे नाव प्रसिद्ध झालं. मग १९५४ मध्ये नॅशने अॅम्बॅसेडर मॉडेलमध्ये हीटर आणि एसी समोरच्या एकाच यंत्रणेत बसवले. (आपली अॅम्बॅसेडर वेगळी. ती मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी.) माझ्या दुर्दैवाचं बीज इथे पडलं. गार कॉइल, गरम कोअर, पंखा, हवा वळवणाऱ्या झडपा, सगळं एका पेटीत. पेटी मोठी झाली म्हणून मागे सरकली, आणि तिच्यापुढे डॅशबोर्ड उभा राहिला.

पुढची गोष्ट शेजारच्या आजोबांनी सांगितली. ते सेंट पॉलच्या फोर्ड कारखान्यात, २०११ मध्ये तो बंद होईपर्यंत, जुळणी करायचे. (माझा पिकअप तिथला नाही.) मी डॅशबोर्ड उघडून हताश बसलेला पाहून ते म्हणाले, "अरे, आम्ही ही पेटी आधी बसवायचो. त्या वेळी आत काहीच नसतं, हात कुठेही जातो. मग तयार डॅशबोर्ड अख्खा आत यायचा. प्रत्येक गाडीपाशी मोजके सेकंद. ती परत काढणारा माणूस तिथे नसायचाच ना!"

मला हवं असलेलं उत्तर हेच होतं. कोणी मूर्खपणा केला नव्हता. जे आधी बसतं ते शेवटी निघतं, अगदी स्टॅकसारखं. १९८० च्या दशकात तर बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट या प्राध्यापकांमुळे जुळणीसाठी डिझाइन करणं हे शास्त्रच झालं. कारखान्यात वाचलेला एकेक मिनिट लाखो गाड्यांनी गुणला जातो. दुरुस्तीचे आठ तास मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून जातात, तेही पंचवीस वर्षांनी. ते कोणाच्याच हिशेबात नसतात.

एक देशी उपाय ऑफिसातल्या मित्राने सुचवला होता: दोन्ही होज एकमेकांना जोडून टाक, हीटर बायपास! इंजिनाला काही फरक पडत नाही. पुण्यात मी डोळे झाकून केलं असतं. पण त्या संध्याकाळची काच आठवली. अमेरिकेत १९६८ पासून पुढची काच धुकं-बर्फापासून मोकळी ठेवणारी व्यवस्था नियमाने सक्तीची झाली, ती उगाच नाही. इथे हीटर आधी डोळ्यांसाठी असतो, मग हातापायांसाठी.

म्हणून दोन वीकेंड घातले. एअरबॅग असल्यामुळे आधी बॅटरी काढून थांबलो. कूलंट काढलं, होज सोडवले, स्टीअरिंगचा दांडा खाली घेतला. प्रत्येक स्क्रूचा फोटो, आणि स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून. आजोबा आणि बायकोने डॅशबोर्ड मागे ओढून धरला आणि मी पेटीचं झाकण उघडलं. एसीच्या नळ्यांना हात लागू दिला नाही. कोअर बाहेर आला तेव्हा नळी टाकीला मिळते त्या कोपऱ्यावर पांढरट-हिरवी पुटं होती. नवा कोअर बसवायला मोजून दहा मिनिटं लागली.

गुन्हेगार मात्र कोअर नव्हता. काढलेलं कूलंट चहासारखं तांबूस होतं. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही. त्यातली रसायनं आतल्या धातूला गंजापासून वाचवतात, आणि ती वापरात संपत जातात. अॅल्युमिनियमच्या पातळ कोअरला हे फार सोसत नाही. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी वीस डॉलर वाचवले होते. त्याची पावती मला मिळाली :)

नवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं (हे मिश्रण उणे पस्तीसच्याही खाली गोठतं), अडकलेली हवा काढली आणि नॉब लाल बाजूला फिरवला. पाच मिनिटांत काच स्वच्छ. बायको म्हणाली, "आता वास येत नाहीये." जुनं कूलंट झाकणबंद डब्यात भरून जमा केंद्रावर दिलं. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, आणि ते विषारी असतं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवून त्यावर कूलंट बदलल्याची तारीख लिहिलीय. कोडमध्ये आपण पुढच्या माणसासाठी कमेंट लिहितो, तशी.

आणि मंडळी, तुमच्या पुण्या-मुंबईच्या गाडीत हीटर असेल तर हाच कोअर डॅशबोर्डच्या मागे बसलेला आहे. थंडी नसली तरी गंज असतोच. पंपावरच्या नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची आपली सवय आहे ना? या वीकेंडला, इंजिन पूर्ण गार असताना, कूलंटच्या टाकीत डोकावून एकदा रंग तेवढा बघा.