इगर्जी: सभेची झाली वास्तू

वसईत रविवारी सकाळी ‘इगर्जीत निघालो’ हे अजूनही कानावर पडतं. या शब्दाचं मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’त आहे. अथेन्समध्ये पुकारा झाला की नागरिक प्निक्स टेकडीवर जमत आणि युद्ध, तह, कायदे हात उंचावून ठरवत. त्या सभेचं हे नाव. स्त्रिया आणि गुलाम यांना तिथे मज्जाव होता.

पहिल्या शतकात ख्रिस्ती समुदायाने तेच नाव घेतलं आणि देवराज्याच्या या सभेत स्त्रिया आणि गुलाम दोघांनाही सामावून घेतलं. रोमन वसाहत असलेल्या फिलिप्पैतील विश्वासणाऱ्यांना प्रेषित पौलाने पत्र लिहिलं, तेही ‘नागरिकाला शोभेल असं वागा’ या अर्थाचं क्रियापद वापरून.

पुढे पोर्तुगिजांच्या तोंडी ‘इग्रेजा’ आणि कोकण किनाऱ्यावर ‘इगर्ज’, ‘इगर्जी’. अर्थ मात्र माणसांवरून वास्तूवर सरकला.

जुना अर्थ कृतीत उतरलेला वसईने पाहिला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे पाणी आणि हिरवाईसाठी सर्वधर्मीयांना रस्त्यावर आणलं. धर्मगुरूचं हे नागरिकपण त्यांच्या श्रद्धेतूनच आलं होतं.

आज गोव्यात ‘इगर्ज’ रुळलेला आहे. वसईत ‘इगर्जी’सोबत ‘चर्च’ही चालतं. मराठी प्रोटेस्टंट मात्र जमलेल्या भाविकांना ‘मंडळी’ म्हणतात.