आंबेनळीचा उतार आणि ब्रेकचा सुटा भाग : मोटारींच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना

कापडे हे पोलादपूर तालुक्यातील गाव पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावर, आंबेनळी घाटाच्या कोकणबाजूस आहे. मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड (१८६७-१८७२) यांचे नाव ब्रिटिश अमदानीत या घाटास देण्यात आले होते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर असून पोलादपूर जवळजवळ कोकणच्या सपाटीवर आहे. एक टन वजनाची मोटार हा उतार उतरते तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ४० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. तिचा काही भाग इंजिन आणि हवेचा रोध शोषून घेतात. उरलेली सर्व उष्णता ब्रेकच्या ड्रमला सोसावी लागते. म्हणूनच जुन्या मोटारीस ब्रेकचा योग्य सुटा भाग मिळणे हा अशा रस्त्यावर केवळ हौसेचा विषय राहत नाही.

मोटारींचे इतिहास बहुधा मालक, कारखानदार आणि मॉडेले यांच्याभोवती लिहिले गेले. सुट्या भागांची उपलब्धता कशी घडली, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील मोटारींच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

धोरण आणि सुटा भाग

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी-कारखाना सुरू केला. तेथे तयार होणाऱ्या आरंभीच्या शेव्हरोलेंचे ब्रेक यांत्रिक होते. पायाचा दाब सळ्या व तारांमधून चाकापर्यंत जाई. द्रवदाबावर चालणारे ब्रेक शेव्हरोलेमध्ये १९३६ पासून आणि फोर्डमध्ये १९३९ च्या मॉडेलांपासून आले. यांत्रिक ब्रेकची सळी गावचा कसबी लोहारही सरळ करू शके. द्रवदाबाच्या ब्रेकमधील रबराची वाटी मात्र लोहाराच्या आवाक्याबाहेरची होती. सुधारणेबरोबर परावलंबनही वाढले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी केली आणि पुढे १९५४ पासून फियाट ११०० हाती घेतली. १९५३ चे सरकारी धोरण या संदर्भात निर्णायक ठरले. देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील काम गुंडाळले. त्यांच्या हजारो गाड्या मात्र रस्त्यावरच होत्या. कारखाना गेला, आयातीवर निर्बंध आले आणि या गाड्यांचे मालक जुन्या बाजारावर अवलंबून राहिले.

याउलट फियाट ११०० चे नशीब. तीच गाडी पुढे १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला जो प्रचंड ग्राहकवर्ग दिला, त्यामुळे तिचे ब्रेक शू, व्हील सिलिंडर, रबर किट छोट्या कारखान्यांतूनही बनू लागले. आजच्या पद्मिनीधारकाला पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात पार्ट मागता येतो तो मूळ कंपनीच्या पुण्याईने नव्हे. टॅक्सीवाल्यांच्या झिजलेल्या लायनिंगांनी हा बाजार उभा केला.

‘बसतो’ आणि ‘योग्य’

‘बसतो ना, मग चालेल’ हे गॅरेजातले वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. ब्रेकच्या बाबतीत ते घातक ठरू शकते. अमेरिकन व ब्रिटिश गाड्यांच्या सिलिंडरांची मापे इंचात, युरोपीय गाड्यांची बहुधा मिलिमीटरमध्ये. मागच्या चाकाला पाऊण इंची व्हील सिलिंडराऐवजी सात-अष्टमांश इंची बसवला, तर बाहेरून फारसा फरक दिसणार नाही. परंतु द्रवदाबाचा जोर क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने त्या चाकावरचा जोर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. उतारावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकलेले असते; हलकी झालेली मागची चाके आधी जखडतात आणि गाडी वळणावर आडवी फिरू शकते. पाइपाच्या जोडांचेही तसेच. तीन-अष्टमांश इंची, इंचाला २४ आट्यांचा जोड १० मिलिमीटर व्यासाच्या, १ मिलिमीटर आट्यांच्या भोकात काही फेरे सहज शिरतो. पकड मात्र अपुरी राहते.

द्रवाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पूर्वीचे काही ब्रेकद्रव एरंडेल-मिश्रित असत व त्यांबरोबर नैसर्गिक रबर वापरले जाई; नंतर ग्लायकॉलवर आधारित द्रव रूढ झाले. आपण त्यांना सरसकट ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, आणि या नावाने घोटाळा होतो. खरोखरचे खनिज तेल या यंत्रणेत घातल्यास रबर फुगते आणि ब्रेक अडकून बसतात. ग्लायकॉल हवेतील ओलावा शोषतो. कोकणच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा सिलिंडर आतून गंजतो, आणि पाणी मुरलेला द्रव घाटात तापून उकळला की पेडल थेट तळाशी जाते.

जुन्या साठ्यातला, डबा न फोडलेला मूळ पार्ट हौशी लोक सोन्याच्या मोलाने घेतात. त्यातील धातूबद्दल शंका नाही. पण पन्नास वर्षांचे रबर डब्यातसुद्धा म्हातारे होते. त्यापेक्षा मूळ सिलिंडराला लेथवर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून मूळ व्यास परत आणणे आणि त्या मापाचे नवे रबर वापरणे, हा मार्ग मला अधिक सयुक्तिक वाटतो. लायनिंगही रिव्हेटने नवे चढवता येते. मात्र जुने लायनिंग बहुधा ॲस्बेस्टॉसचे असते. त्याची धूळ फुंकून उडवण्याची गॅरेजांतील सवय कामगाराच्या फुप्फुसांना महागात पडते.

या कामासाठी कंपन्यांचे जुने पार्ट्स कॅटलॉग हे उत्तम साधन ठरते. मॉडेल तेच राहून सिलिंडराचे माप केव्हा बदलले, हे जाहिरातींतून कळत नाही, कॅटलॉगमधील क्रमांकांच्या बदलातून कळते. आमच्या ग्रंथालयांनी मात्र असे कॅटलॉग रद्दीच समजले.

कायदा आणि बाजार

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीनियम लागू केले. त्यांत चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. ब्रेकचा त्या यादीत नामनिर्देश नाही. गाडीचे मूळ रूप जपणारा नियम ब्रेकच्या पार्टची निवड मालकाच्या विवेकावर सोडतो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

दुसरी घटना बाजारातील आहे. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ज्या रोजच्या झिजेवर हा पार्टचा बाजार उभा होता ती थांबली आहे. रबर किटचे साचे यापुढे मोजक्या खासगी गाड्यांसाठी चालवावे लागतील, आणि शिवडीच्या शेव्हरोलेधारकांवर १९५४ नंतर जी वेळ आली, तिच्या उंबरठ्यावर आता पद्मिनीधारक आहेत.