म्हातारे झाड काय करते?

नांदेड-लातूरकडच्या अनेक शाळांच्या आवारात मोरपंखीचे झाड आढळते. ‘विद्येचे पान’ म्हणून मुले त्याची पाने वहीत जपून ठेवतात. मोरपंखीला खरी फुले-फळे येत नाहीत. तिच्या बिया उघड्या असतात. म्हणजे ती देवदार आणि चीड यांच्या सूचिपर्णी वर्गातली. हे वृक्ष आपल्याकडे बागेपुरतेच. आपले रान किनवट-माहूरच्या सागाचे. लातूर जिल्ह्यात तर जंगल नावालाच. तरीही म्हाताऱ्या सूचिपर्णी वृक्षांचा अभ्यास मराठवाड्याच्या कामाचा आहे. कसा, ते पाहू.

झाडाचे वय त्याच्या खोडातील वर्तुळांवरून कळते. ही वर्तुळे मोजण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने उभे केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हिमालयातील देवदाराची आणि सागाचीही वर्तुळे अभ्यासली गेली. पानगळीनंतर सागाची वाढ थांबते, म्हणून त्याची वर्तुळे स्पष्ट दिसतात. पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे भागातील सागावर लिहिले. २०१० साली याच संस्थेतून केरळच्या सागाची ५२३ वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली. अशा कामात एक अडचण नेहमी येते. वय वाढते तशी वर्तुळे अरुंद होतात. पावसाचा परिणाम शोधण्याआधी वयाचा हा परिणाम हिशेबातून काढावा लागतो.

अरुंद वर्तुळ म्हणजे वाढ मंदावली, असे सहज वाटते. हे गणित वर्गात करून पाहावे. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या खोडावर ५ मिलिमीटरचे वर्तुळ चढले, तर छेदात सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर लाकडाची भर पडते. ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या खोडावर फक्त २ मिलिमीटरचे चढले, तरी ती भर सुमारे ६३ चौरस सेंटिमीटर होते! वर्तुळ निम्म्याहून अरुंद, पण लाकूड जवळपास दुप्पट.

मग म्हातारपणाचा परिणाम कुठे होतो? पाण्यावर. पानांतून बाष्प उडते आणि त्या ओढीने पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर खेचला जातो, हे डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली मांडले. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक वातावरणाइतकी जादा ओढ लागते. रायन आणि योडर यांनी १९९७ साली यापुढचा विचार मांडला. उंच, जुन्या झाडाची पाने धागा तुटू नये म्हणून आपली रंध्रे लवकर मिटतात. पण कार्बन डायऑक्साइड आत येण्याचे दारही तेच! पाणी वाचते, तेव्हा अन्न कमी तयार होते.

कार्बनच्या बाबतीत १९६९ साली यूजीन ओडम यांनी असे मांडले होते, की पक्व जंगल जेवढा कार्बन घेते तेवढाच सोडते. पुढे २००८ साली लुयसार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शेकडो वर्षांची जंगलेही कार्बन साठवत राहतात. किती, यावर २०२१ साली वाद झाला. २०१४ साली ४०३ जातींच्या अभ्यासातून दिसले, की बहुतेक जातींत झाड जितके मोठे, तितकी त्याची वार्षिक भर जास्त. मात्र जुन्या रानात झाडे मरून विरळही होतात, म्हणून एका झाडाचा हिशेब साऱ्या रानाला लावता येत नाही.

पाण्याचा हिशेब अधिक बोलका आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डग्लस फरचे जुने रान तोडून नवे लावले गेले. पेरी आणि जोन्स यांना २०१७ साली आढळले, की ३४ ते ४३ वर्षांच्या लागवडीतील ओढ्यांचा उन्हाळी प्रवाह १५० ते ५०० वर्षांच्या रानातील ओढ्यांच्या निम्माच होता. जोमाने वाढणारी तरुण झाडे उन्हाळ्यात पाणी भरपूर ओढतात.

आता आपल्याकडे वळू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी १ जुलैला राज्यात दोन कोटी रोपे लावण्याची मोहीम झाली. २०१९ चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. ओरेगनचा पाऊस आणि माती वेगळी, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तोडलेल्या एका जुन्या वडाची भरपाई दहा रोपांनी होते, हा हिशेब मात्र तपासून घ्यायला हवा. रोप लावावेच, पण त्याला पाणी आज लागते आणि त्याचा कार्बनसाठा वडाएवढा व्हायला कित्येक दशके जातात.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. गावातल्या सर्वांत जुन्या कडुनिंबाचा किंवा चिंचेचा घेर, जमिनीपासून एका ठरावीक उंचीवर, दर वर्षी त्याच महिन्यात मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. घेर वर्षाला एखादाच सेंटिमीटर वाढेल. त्यामागे लाकूड किती, ते मुलांनी स्वतः काढावे.